दसऱ्याला मान धाकटीचा

त्यांना हवा होता एक साधा कॉम्प्युटर. मी त्यांना सर्व्हर दिला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच भानगडी अशाच सुरू झाल्या आहेत. समोरच्याने पाणी मागितलं की मी विहीर खणायला घेतो.

ते म्हणजे वडशाची एक नाटक मंडळी. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी सरली, धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात, आणि त्या नाटकांच्या तारखा देणारी ऑफिसं वडशाला ओळीनं आहेत. बाहेर रंगवलेला बोर्ड, आत एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर, कपड्यांच्या पेट्या आणि मागच्या हॉलमध्ये तालीम. या मंडळीचा गाडा दोन माणसं ओढत. एक मास्तर. नाटक लिहायचे ते, बसवायचे ते, आणि ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर नायिकेच्या आईपर्यंत कोणतीही भूमिका करायचे तेच. दुसऱ्या म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या बाई. तारखा, टायपिंग, चहा आणि मास्तरांचा राग या चारही गोष्टी त्यांच्या ताब्यात होत्या.

मी तेव्हा कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होतो. घर चंद्रपूरला. नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. या मंडळीच्या एका नाटकात मी हवालदार झालो होतो. एकच वाक्य होतं: "चला, साहेबांनी बोलावलंय." ते मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी म्हणून दाखवलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "भाऊ, तुमी कॉम्प्युटरच पाहा." तेव्हापासून मी या मंडळीचा कॉम्प्युटरवाला.

मास्तर नाटक लांब वह्यांमध्ये लिहीत. एका वर्षी वाळवीनं एका नाटकाचा तिसरा अंक संपूर्ण आणि दुसऱ्यातला खलनायक खाल्ला. मी ही संधी सोडणं शक्यच नव्हतं. मी सभेला उभं राहावं तसा ऑफिसात उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, यापुढं कागद बंद. मी अशी व्यवस्था करतो की वाळवीच्या सात पिढ्या उपाशी मरतील."

व्यवस्था म्हणजे एका ठिकाणी भंगारात निघालेला जुना सर्व्हर. उंचीला लहान कपाटाएवढा, आवाजाला भात गिरणीएवढा. समोरून दोन कप्पे होते, एकावर एक. प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क. दांडी दाबली की मिठाईच्या दुकानातल्या ट्रेसारखी डिस्क बाहेर यायची. ते बघूनच मी तो सर्व्हर घेतला होता. इतकी नाटकी वस्तू मी भंगारात जाऊ देणार नव्हतो.

वरच्या डिस्कवर मी लिनक्स बसवलं. मग व्हॉल्यूम मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर हाताशी धरलं. हे सॉफ्टवेअर म्हणजे घरातला कर्ता माणूस समजा. डिस्का कितीही असोत, सगळी जमीन तो एकत्र मोजतो आणि लागेल तशा खोल्या पाडून देतो. शिवाय त्याला सांगितलं तर प्रत्येक खोली तो दोन डिस्कांवर हुबेहूब ठेवतो. इथं एक अक्षर लिहिलं की तिथंही उमटतं. याला मिरर म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत.

मिरर चढायला पूर्ण दुपार गेली. पडद्यावर टक्के वाढत होते. बाई सुपारी कातरत ते बघत होत्या.

"म्हंजे या दोघी जावा म्हना," त्या म्हणाल्या. "वरची थोरली, खालची धाकटी. थोरली जे करन थे धाकटीनं करावं."

ती नावं कायमची पडली. मी मार्करनं थोरलीच्या स्टिकरवर १ आणि धाकटीच्या स्टिकरवर २ असं लिहिलंसुद्धा.

शंभर टक्के झाल्यावर मी प्रयोग लावला. प्रयोगच तो. मंडळीतले दहा-बारा नट सतरंजीवर बसवले, मास्तरांना खुर्ची दिली, मशीनवर एक जुनं नाट्यगीत सुरू केलं, आणि गाणं रंगात आलं असताना खालच्या डिस्कची दांडी दाबून धाकटीला सरळ बाहेर ओढलं. कोणाच्या तरी तोंडून "अगागा" निघालं. गाणं थांबलं नाही. मी डिस्क डोक्यावर धरून हॉलभर फिरलो. टाळ्या पडल्या. हवालदार झालो होतो तेव्हा एकही पडली नव्हती.

मास्तरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, "धाकटीले सगळे संवाद पाठ आहेत?"

"एकूण एक."

"पडदा उघडता येते का तिले?"

"म्हणजे?"

"आता पडदा उघडलेला होता, नाटक सुरू होतं, आन् तुमी बदली नटाले बाहेर काढलं. मुख्य नट उभाच होता. उद्या मुख्य नट आलाच नाई तर पहिल्यापासून नाटक उभं करता येईन का हिले?"

मी हसलो. जाणकार माणूस अडाण्याच्या प्रश्नाला हसतो तसं. "मास्तर, ते आपोआप होतं," मी म्हणालो.

कॉम्प्युटरच्या धंद्यात यापेक्षा घातक वाक्य नाही. थोरलीला बाहेर काढून मशीन नव्यानं सुरू करून पाहायला मला दहा मिनिटं लागली असती. पण टाळ्या मिळाल्यावर पुन्हा परीक्षेला बसणारा नट मी अजून पाहिला नाही. उलट जास्तीची काळजी म्हणून मी मशीनला ताकीद देऊन ठेवली की सुरू होताना फक्त वरच्या कप्प्यातली डिस्क बघायची, इकडंतिकडं भटकायचं नाही.

त्या पावसाळ्यात मास्तरांनी नवं नाटक रचलं. रचलं म्हणजे बोलले. हॉलमध्ये येरझारा घालत, प्रत्येक पात्राच्या आवाजात, रडायच्या जागी खरोखर रडत. बाई बसून टाइप करत. दोन महिने. बाईंनी नंतर मला सांगितलं की तिसऱ्या अंकात त्यांचेच डोळे असे भरून आले की अर्धं पान न बघता टाइप झालं. वही नव्हती, कागद नव्हता, माझ्या शब्दाखातर. दसऱ्याला पूजा, दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून नटांच्या हातात, त्याच दुपारी पहिली तालीम, असं ठरलं होतं.

दसऱ्याला आमचं घर दरवर्षी दीक्षाभूमीवर असतं. त्यामुळे मंडळीच्या पूजेला मी कधीच नव्हतो. त्या वर्षी नागपूरहून रात्री चंद्रपूरला परतलो, आणि सकाळी चहाचा कप तोंडाला लावतो तो बाईंचा फोन.

"भाऊ, तुमचा डब्बा उठून नाई राह्यला."

"उठत नाही म्हणजे?"

"पडदा काळा. वरती इंग्रजीत एक पांढरी ओळ. वाचून दाखवू का?"

त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. मशीनचं म्हणणं असं होतं की सुरू होण्याजोगी डिस्कच सापडत नाही.

"बाई, काही हलवलं का?"

"नाई जी. फक्त पूजा केली."

"मास्तर काय म्हणतात?"

"कपड्यांच्या पेटीवर बसून आहेत." बाईंचा आवाज खाली आला. "भाऊ, माह्या हातानं गेलं का हो थे नाटक?"

चांदा फोर्ट स्टेशनावरून गाडी पकडली. मूल गेलं, सिंदेवाही गेलं, नागभीड गेलं, आणि मी खिडकीशी बसून कारणांची तालीम करत होतो. विजेचा दाब. जुनं मशीन. हवेतला दमटपणा. प्रत्येक कारण मी थोडं थोडं ओठांतून म्हणून पाहत होतो, हातवाऱ्यांसकट. समोरच्या म्हाताऱ्यानं हळूच आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं.

वडशाला ऑफिसात पोचलो तर नट मंडळी सतरंजीवर बसलेली. दूर भामरागडच्या बाजूनंसुद्धा एक जण पहाटेची बस धरून तालमीला आला होता. मास्तर कपड्यांच्या पेटीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, राज्य गेलेल्या राजासारखे. एका तरण्या नटानं मला ऐकू जाईल असं शेजाऱ्याला म्हटलं, "बाईनं मशीनची पूजा केली अन् मशीन स्वर्गात गेली." बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. हातात सुपारी होती, पण अडकित्ता चालत नव्हता.

मी वरच्या कप्प्याची दांडी दाबली. डिस्क बाहेर आली, आणि माझं मन उचंबळून आलं. स्टिकरवर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता. गुन्हेगार सापडला होता. माझ्या घरी पूजेची पद्धत नाही, त्यामुळे कुंकवावर आरोप ठेवायला मी अगदी मोकळा होतो.

"हे बघा," मी सगळ्यांकडे वळून म्हणालो. "हे तंत्रज्ञान आहे. कुंकवाचा एक कण, आणि सगळा खेळ खलास."

"मंग बंद डब्याची पूजा करू का?" बाई म्हणाल्या. "आमच्या इथी तबला खोळीतून काढून पुजतात, पेटीचा भाता उघडून पुजतात. खोळीले कोन हात जोडते?"

"बाई, ही पेटी नाही."

मी बाह्या सरसावल्या. दाढीमिशा चिकटवायचा गोंद ज्या स्पिरिटनं काढतात त्याची बाटली मागवली, कापूस मागवला, आणि शस्त्रक्रिया करावी तशी ती डिस्क पुसायला घेतली. पुसताना व्याख्यान चालूच होतं. वीस मिनिटं झाली. बाई मध्येच शांतपणे म्हणाल्या, "कुंकू तर वरच्या कागदावर लावलं होतं जी. मांगच्या हिरव्या पट्टीले मी बोटबी नाई लावलं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात कुंकवाखालून माझंच अक्षर वर आलं.

दोन.

मी खालचा कप्पा उघडला. तिथल्या डिस्कवर फक्त हळदीचं एक बोट, आणि त्याखाली ठळक एक.

"बाई, धाकटी वर कशी आली?"

"मीच बसवली."

"का?"

"दसरा होता ना जी." मला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं. "आमच्या मंडळीत दसऱ्याले मान बदलीवाल्यांचा असते. नारळ फुटला का पहिल्या तालमीचा पहिला प्रवेश बदली नट करतात. मोठे नट खाली सतरंजीवर बसून पाहातात. मंग म्या म्हटलं, ही बिचारी इतके महिने खाली बसून थोरलीचं पाहून पाहून करते. एक दिवस वरती बसू द्या. कुंकूबी तिलेच लावलं."

आता माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. मशीन सुरू होतं तेव्हा व्हॉल्यूम मॅनेजर अजून झोपलेला असतो. त्याला उठवायचं काम डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला एक छोटा प्रोग्राम करतो, आणि त्याचं सामान शेजारच्या एका लहानशा जागेत असतं. ही जागा व्हॉल्यूम मॅनेजरच्या खोल्यांच्या बाहेर. म्हणजे मिररच्याही बाहेर. धाकटीवर ती जागा मी राखली होती, पण तिथं ठेवलं काहीच नव्हतं. तिन्ही अंक धाकटीला पाठ होते. पडद्याची दोरी तिच्या हातात कोणी दिलीच नव्हती. आणि माझ्याच ताकिदीमुळे मशीन खालच्या कप्प्यात थोरलीकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

आता इथं मी एक गोष्ट कबूल करतो. माझ्यापुढं एक फार सोपी वाट होती. दोन डिस्का अदलाबदल केल्या की मशीन सुरू होणार होतं. "पूजेत हलवाहलव झाली" एवढं म्हटलं की दोष बाईंचा, श्रेय माझं, वर चहा आणि टाळ्या. सगळा हॉल तसं मानायला तयारच बसला होता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण बाईंनी हातातली सुपारी तशीच पदराच्या टोकाला बांधायला घेतली होती, गाठ नीट बसत नव्हती, आणि ते माझ्या नजरेला पडलं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "बाईंनी केलं ते बरोबर आहे. धाकटी वर बसली तरी मशीन उठायलाच हवं होतं. ते मी करून ठेवलं नव्हतं."

रंगभूमीवरचं माझं हे दुसरं वाक्य. हे मात्र एकाच पद्धतीनं म्हणता आलं.

मी डिस्का आपापल्या जागी बसवल्या. थोरली वर, धाकटी खाली. बटन दाबलं. भात गिरणी सुरू झाली, काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, आणि मिनिटाभरात बाई खुर्चीवर बसून नाटक उघडत होत्या. पहिला अंक, दुसरा, तिसरा. बाईंनी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. न बघता टाइप केलेलं अर्धं पानही होतं, सगळ्या चुकांसह. मास्तर पेटीवरून उठले, पडद्याजवळ गेले आणि चष्मा वर करून ते पान स्वतः पुन्हा वाचलं.

मी त्या संधीचा फायदा घेऊन हळूच एक पेन ड्राइव्ह लावला आणि नाटकाची प्रत करून घेतली.

"हे काय?" मास्तर.

"असू द्या, जोडीला."

"बरं. आता थोरली काढा."

"मास्तर, नाटक तर सापडलं."

"सापडलं. पन दोन महिने मी बोललो थे तुमच्या शब्दावर. दोघींतून एक गेली तरी नाटक उभं राहीन म्हनले होते तुमी. आता धाकटीनं उघडून दाखवावं. मंग प्रिंट काढू, मंग तालीम."

"दाखवतो. पूर्ण भरवसा आहे माझा."

"मंग थे खिशात काऊन लपवून राह्यले?"

हॉल हसला. माझ्यावरच हसला, पण हसला. बाईसुद्धा.

मग मी मुकाट्यानं तेव्हाच करायचं राहिलेलं काम करायला बसलो. धाकटीवरची रिकामी जागा तयार केली, मशीन उठवायचं सगळं सामान तिथं नेऊन ठेवलं, आणि तो छोटा प्रोग्राम तिच्या अगदी सुरुवातीला बसवला. अर्धा तास. मशीन बंद केलं. थोरलीला पूर्ण बाहेर काढून बाईंच्या हातात दिलं, आणि धाकटीला वरच्या कप्प्यात सरकवलं.

बटन दाबलं. ओळी धावल्या. पहिली पांढरी ओळ मागे पडली तसा मी हात पसरून प्रेक्षकांकडे वळलो.

"थांबली," मागून बाई म्हणाल्या.

खरंच थांबली होती. धाकटी उठली होती, पण अर्ध्या वाटेवर उभी राहून थोरलीच्या सामानाची जागा विचारत होती, कारण ती जागा नक्की कुठं शोधायची हे मशीन ज्या यादीत बघतं तिथं मी थोरलीचंच नाव ठेवलं होतं. पसरलेले हात मी सावकाश खाली घेतले.

"पडदा अर्धा उघडला," भामरागडवाला नट म्हणाला. "आमच्याकडं असं झालं का लोकं खालून वाकून पाहातात."

यादीतली ती ओळ दुरुस्त केली. पुन्हा बंद, पुन्हा बटन. या वेळी मी कोणाकडे वळलो नाही. मशीनसमोर हात जोडले होते असं बाई आजही सांगतात. मी म्हणतो, मी ते नुसते एकमेकांवर ठेवले होते. ओळी धावल्या, थांबल्या, परत धावल्या. मग नाव विचारणारी खिडकी आली. बाईंनी थोरलीला एका हातात छातीशी धरून दुसऱ्या हातानं पासवर्ड टाकला. नाटकाचं पहिलं पान उघडलं.

टाळ्या पडल्या. त्या धाकटीला होत्या. मास्तरांनीही वाजवल्या, मोजून तीन.

"आता आलं तिले," ते म्हणाले. "भाऊ, दसऱ्याची पद्धत आमी मानासाठी ठेवली, हे बरोबर आहे. पन खरं सांगू का? कोनाले किती येते हे दसऱ्यालेच कळलेलं बरं. शंकरपटाच्या जत्रेत बैलं पळाल्यावर हजार लोकांसमोर कळून काय फायदा."

थोरलीला परत बसवून दोघींची बरोबरी करून घ्यायला वेळ लागणार होता. टक्के पुन्हा वाढू लागले. तोवर प्रिंट निघाल्या, नटांनी आपापली वाक्यं अधोरेखित केली, आणि उतरत्या दुपारी मागच्या हॉलमध्ये तालमीची मांडामांड झाली. पहिला प्रवेश पद्धतीप्रमाणे बदली नटांचा. मुख्य नट सतरंजीवर. मीही त्यांच्यात जाऊन बसणार, तर मास्तरांनी बोटानं खूण केली.

"तुमी इकडं. आज पडदा तुमी उघडा."

हॉलच्या टोकाला तालमीपुरता एक जुना पडदा बांधलेला होता, कोपऱ्यात दोर लोंबत होते. मी ऐटीत जाऊन उभा राहिलो. घंटा झाली. मी दोर धरला, पाठ ताठ केली, आणि जोर लावून ओढला.

पडदा जागचा हलला नाही. मी आणखी जोर लावला. वरून थोडी धूळ पडली.

पडद्याच्या आतून, पहिल्या वाक्यासाठी तोंडात श्वास भरून उभ्या असलेल्या बदली नटाचा अगदी दबका आवाज आला.

"सर, थे दुसरी दोरी."

मी दुसरी ओढली.